कोंबडा तांदूळ टिपेना

राखणीच्या दिवशी सकाळी श्रुतिका संडासातून बाहेर आली ती दाराची चौकट धरूनच. लघवी लाल झाली होती. पुराच्या वर्षी महाडचं घर माळ्यापर्यंत बुडालं आणि तिचा बाप गंगाधर बायको-मुलीला घेऊन काही महिने गावी राहायला आला, तेव्हा त्याने हा संडास बांधून घेतला होता. त्याच्या पांढऱ्या भांड्यात तो लाल रंग फारच उठून दिसत होता. खोकला तर या खेपेला गावी आल्यापासून होताच. आता हे. उद्या मुंबईला जाऊन छातीचा फोटो काढायचा होता, आणि आज अंगातून रक्त चाललं होतं.

तो फोटो काही साधा नव्हता. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने तिला औषधशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी घेतलं होतं, जानेवारीत वर्ग सुरू होणार होते. पण तिथल्या सरकारचा नियम असा, की इथून शिकायला येणाऱ्याला क्षय नाही याचा दाखला त्यांनीच नेमलेल्या दवाखान्यातून आणायचा. दाखला नाही तर व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. फोटोत कुठे जरा डाग दिसला की थुंकी तपासायला घेतात, आणि तिचा निकाल येईपर्यंत जानेवारी केव्हाच निघून गेलेला असतो. शिवाय फोटोच्या आधी समोर बसवून विचारतात, घरात कुणाला क्षय झाला होता का, तुम्ही त्याच्या जवळ होता का.

झाला होता. आणि तिच्याइतकं जवळ कुणीच नव्हतं. थोरल्या काकांचा मंगेश भिवंडीच्या गोदामात माल चढवायचा, तो गेल्या वर्षी नुसता सापळा होऊन परत आला. उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत बोभाटा नको, म्हणून त्याला महाडला गंगाधरच्या घरी मागच्या खोलीत ठेवलं आणि विचारणाऱ्याला न्यूमोनिया सांगितला. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या रोज सकाळी श्रुतिकाच त्याच्या हातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहायची. पहिल्याच दिवशी तो घाबराघुबरा होऊन सांगत आला होता की श्रुते, माझं रक्त चाललंय गो. तिने हसून त्याला सांगितलं होतं की अरे, तो गोळीचा रंग आहे, इतका कसला घाबरतोस.

गोळीचा रंग. चौकटीवरचा तिचा हात सुटला. रक्त नव्हे तर, गोळी. पण तिने तर कसलीच गोळी घेतली नव्हती. गावी आल्यापासून ती घेत होती तो काकीच्या हातचा अडुळशाचा काढा, रोज रात्री निजताना एक पेला. कडू लागायचा. काढा कडूच असायचा म्हणून तिने कधी विचारलं नव्हतं.

*

रंगूबाई चुलीपुढे वड्यांचं पीठ तिंबत बसली होती. शेताच्या देवाची राखण म्हटली की वडे आणि कोंबडीचा रस्सा, हा तिचा नेम. त्यात आज तिच्या लेकीचे, सेजलचे होणारे सासरे पाचाडहून जेवायला यायचे होते आणि लग्नाची तारीख पक्की व्हायची होती. तिच्या हाताला उसंत नव्हती. तरी पुतणी रिकामा पेला हातात घेऊन दारात उभी राहिली तेव्हा तिचा हात थांबला. पोरगी काय विचारणार ते तिला न सांगता कळलं.

श्रुतिकाने विचारलं, काढ्यात काय घालता काकी. रंगूबाई म्हणाली अडुळसा, मध, मिरी. श्रुतिका म्हणाली, आणि?

रंगूबाईने पुन्हा पीठ मळायला घेतलं. त्या रात्री, पोरगी आली त्याच रात्री, भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकला आणि रंगूबाईच्या काळजाचं पाणी झालं होतं. तोच खोकला, असं तिला वाटलं होतं. पुढ्यात बसून माझ्या पोराला गोळ्या चारल्या हिने, आणि त्याचा आजार आपल्या अंगावर घेतला. आता फोटोत डाग निघाला तर पोरीचं शिक्षण जाईल, आणि जन्मभर हिची आई अनुपमा तोंडाने बोलेल किंवा बोलणार नाही, पण मनात हेच ठेवील की रंगूबाईच्या पोराने माझ्या पोरीची माती केली. विचारायचं तरी कुणाला? तिला एवढं ठाऊक होतं की त्या तांबड्या गोळ्यांनी आपला मंगेश चटईवरनं उठला. मग ही का नाही उठणार.

"तुझ्याच भल्यासाठी दिली गो," ती खाली बघूनच म्हणाली. "काल रात्री कुटून घातली काढ्यात. फोटो साफ यावा म्हणून."

श्रुतिकाने पेला चुलीशी ठेवला. ओरडायचं तिच्या अंगात नव्हतं. तिने समजावून सांगितलं की काकी, अशा चार-दोन गोळ्यांनी आजार असला तर जात नाही, उलट चिवट होतो. वर तपासणी खोटी येते. उद्या तिथे विचारतील, कुठलं औषध घेतलंत का, तेव्हा मी काय सांगू? रंगूबाईचे डोळे भरून आले, पण पिठाचा हात डोळ्यांना कसा लावणार, म्हणून तिने ते तसेच वाहू दिले.

आणि मग श्रुतिकाला दुसरीच गोष्ट सुचली, ती या सगळ्याहून वाईट होती.

"काकी, या गोळ्या आल्या कुठून?"

रंगूबाईने पिठावर ओला कपडा झाकला.

"दादाला दिलेल्या त्या सगळ्या त्यानेच संपवायच्या होत्या. एकही उरायला नको होती. उरल्या कशा?"

मग एकेक करत बाहेर आलं. मंगेश महाडहून गावी आला तेव्हा चांगलं जेवायला लागला होता, अंग धरलं होतं. गोळ्यांनी पोटात मळमळायचं. बरा झाला ना, मग कशाला, असं म्हणून त्याने बंद केल्या, आणि रंगूबाईने पुरचुंडी बांधून तांदळाच्या कणगीमागे ठेवल्या. टाकवल्या नाहीत, औषध आहे म्हणून. आणि आता? आता गुरांच्या वाड्यात निजतो, सकाळचा थोडा खोकतो, रंगूबाई म्हणाली.

मागच्या दारात सेजल नारळ खवत बसली होती. तिने विळी बाजूला सारली.

"थोडा नाय खोकत. उशीच्या अभ्र्याला रक्त व्हतं. मीच धुतलाय तो."

"सेजल, गप बस," रंगूबाई म्हणाली. एरवी ती मुलीवर कधी आवाज चढवत नसे.

*

माजघरात सगळे बसले, आणि राखणीसाठी महाडहून आलेल्या गंगाधरला आपण शाळेच्या सभेत असल्यासारखं वाटायला लागलं, जिथे शेवटी काय ठरणार ते आधीच ठाऊक असतं. थोरला भाऊ मुरारी खांबाला टेकून सुपारी कातरत होता. तो बोलत नाही तोवर कुणी बोलायचं नाही ही या घरची रीत, आणि गंगाधर महाडच्या शाळेत गुरुजी झाला तरी ती त्याच्या अंगातून गेली नव्हती. मंगेश उंबऱ्याबाहेर पायरीवर बसला होता. त्याला आत बोलावलं नव्हतं आणि जा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

अनुपमाला मात्र धीर नव्हता. ती म्हणाली की माझ्या मुलीच्या पोटात मला न विचारता औषध घालायचं धाडस झालं कसं, आणि हा इतके दिवस खोकतोय तर आम्हाला कळवलं का नाही, आम्ही तिला इथे पाठवलीच नसती. रंगूबाई एरवी धाकट्या जावेपुढे आवाज काढत नसे, आज तिने काढला.

"कळवू कुणाला? औषध अर्धं व्हायच्या आत माझ्या पोराला घरातनं काढलंत तुम्ही."

ते खरं होतं. शेजारणीने दोनदा विचारलं होतं की तुमच्याकडे रात्री कोण खोकतं, आणि तिसऱ्यांदा विचारण्याआधी अनुपमाने मंगेशची पिशवी भरून दिली होती. आता गावची हवा मानवेल, असं तेव्हा ती म्हणाली होती. गंगाधरही तेव्हा काही बोलला नव्हता.

मुरारीने अडकित्ता खाली ठेवला. तो म्हणाला की जे झालं ते झालं, आज पाचाडचे व्याही यायचेत. सेजलचं लग्न वैशाखात व्हायचंय. पोरीचा भाऊ क्षयाचा हाय हे त्यांच्या कानावर गेलं तर नारळ परत येईल, आणि मग या घरात पुन्हा सोयरीक घेऊन कोण येतंय. वैशाख होऊ दे. मंगेशला आपण मग दवाखान्यात नेऊ, मुंबईला नेऊ, कुठंही नेऊ.

श्रुतिका म्हणाली, "आबा, वैशाखापर्यंत तो राहायचा नाही."

कुणी तिच्याकडे बघितलं नाही. पायरीवर मंगेशची पाठ तेवढी हलली.

मग गंगाधर बोलला. आयुष्यभर तो मुलांना खरं बोला म्हणून शिकवत आला होता, आणि कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही ही म्हण दर वर्षी सातवीच्या पोरांकडून वाक्यात उपयोग करून घेत होता. पण आज त्याची पाचावर धारण बसली होती. त्याच्या डोळ्यांपुढे मुलगी विमानात बसण्याचं चित्र होतं आणि ते पुसायची त्याची तयारी नव्हती. तो म्हणाला की दादा म्हणतो ते बरोबर आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या तिथे विचारलं तर घरात कुणाला काही नव्हतं असं सांगायचं. गोळ्यांचं नाव काढायचं नाही. खोकला भाताच्या झोडणीच्या धुळीने झालाय, आणि असेलही तसंच. फोटो साफ आला की झालं.

"पण बाबा—"

"श्रुते, जायचंय ना तुला?"

तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री झोपेत ती त्या अनोळखी गावाचे रस्ते चालायची. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, काकी डोळे पुसत, आई ओठ चावत, आणि दारात सेजल, खोबऱ्याची वाटी हातात घेऊन. आपण आत्ता नाही म्हणालो तर कदाचित जानेवारी जाईल, कदाचित सेजलचं लग्न जाईल, आणि मंगेशदादा तरी आपलं ऐकेल याची काय खात्री, असं श्रुतिका स्वतःला सांगत राहिली. तिला स्वतःचीच भीती वाटली. तरी ती म्हणाली की ठीक आहे, नाही सांगत.

अनुपमाने सुटकेचा श्वास सोडला. सेजल खोबऱ्याची वाटी खाली ठेवून मागच्या अंगणात निघून गेली.

*

मंगेश घराला वळसा घालून मागे गवताच्या उडवीपाशी उन्हात जाऊन बसला. छातीत दुखत होतं. आतलं सगळं त्याने ऐकलं होतं, आणि खरं सांगायचं तर गुपित राहिलं याचं त्याला बरंच वाटलं होतं. दवाखान्यात गेलं की पुन्हा त्या गोळ्या, पुन्हा नाव-पत्ता, आणि सरकारी दवाखान्याची आशाताई घरी येऊन सगळ्यांना तपासणार, मग वाडीत कोण आपल्या हातचं पाणी पिणार. मरणाची भीती रात्री वाटायची. दिवसा त्याला माणसांचीच जास्त भीती वाटायची.

समोर सेजल डालग्याशी बसली होती. राखणीचा तांबडा कोंबडा डालग्याखाली होता, आणि ही फटीतून त्याला मूठमूठ तांदूळ घालत होती. कोंबडाही अधाशासारखा टिपत होता.

मंगेश म्हणाला, "कापायचाय त्याला. आता कसले लाड करतेस?"

"जाणारा हाय म्हणूनच," सेजल म्हणाली आणि आणखी एक मूठ टाकली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. लहानपणापासून ती अशीच, मनात एक असलं की हाताने दुसरंच करत बसायची. मंगेशने फार विचार केला नाही. थोड्या वेळाने पुढच्या अंगणात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, आणि पाचाडचे व्याही आले असं कळून तो तोंडावर रुमाल धरून वाड्यात गुरांच्या आड गेला.

*

राखणदाराची जागा शेताच्या वरच्या टोकाला, किंजळीच्या बुंध्याशी. एक शेंदूर लावलेला दगड, बाकी काही नाही. भात घरात आला की त्याला कोंबडा आणि नारळ द्यायचा, आणि घरात वर्षभरात जे घडलं आणि जे घडावंसं वाटतं ते त्याच्यापुढे बोलायचं. ते गाऱ्हाणं घरच्या थोरल्याने घालायचं आणि बाकीच्यांनी होय म्हणायचं. मुरारी वडील गेल्यापासून हे करत आला होता. बायका बांधावर उभ्या राहायच्या, तशा आजही राहिल्या. पुढे मुरारी, गंगाधर, भावकीतले दोघे-तिघे, आणि मानाने पुढे केलेले पाचाडचे व्याही. व्याह्यांची गडाखाली खानावळ, माणूस चार लोकांत वावरलेला, पण देवाच्या कामात त्यांनी लगेच टोपी काढून हात जोडले. मंगेश एका ऐनाच्या झाडापाशी मागेच थांबला होता.

मुरारीने कोंबडा काखेत धरला आणि गाऱ्हाणं घातलं. बा राखणदारा, जे काय वाडवडलांपासनं चाललंय ते चालवतोय. पीक दिलंस, ते घरात आणलं. धाकट्याची लेक उद्या परदेशाच्या कामाला मुंबईला निघालीय, तिच्या वाटेत कायपण आडवं येऊ देऊ नको. माझ्या लेकीचा संसार मार्गी लाव. घरात काय इडापिडा असंल ती दूर कर आणि ही राखण गोड मानून घे. सगळे होय म्हणाले.

मग त्याने तळहातावर तांदूळ घेऊन कोंबड्यापुढे धरले. कोंबड्याने तांदूळ टिपले की राखण मानली, ही रीत. कोंबड्याने तांदळाकडे बघितलं आणि मान वळवली.

मुरारीने हात जरा पुढे केला. कोंबड्याने चोच मिटूनच ठेवली. भावकीतल्या एकाने म्हटलं की दम धर, बुजला असेल. मुरारीने तांदूळ दगडाला दाखवून पुन्हा धरले, पुन्हा तेच. त्याने त्याला खाली ठेवलं, दाणे त्याच्या पायाशी टाकले. कोंबडा दाण्यांवर उभा राहून इकडे तिकडे बघत राहिला.

मुरारीच्या पाठीला घाम सुटला. त्याच्या आयुष्यात असं एकदाच झालं होतं. वडिलांनी भावाचा बांध कोरल्याची गोष्ट गाऱ्हाण्यात लपवली होती, तेव्हाही कोंबड्याने दाणा टिपला नव्हता, आणि वडिलांनी नेटाने तसाच कापला होता. त्याच पावसात दरड आली आणि बैलजोडी गोठ्यासकट गेली. तेव्हा मुरारी लहान होता. चिखलातून वर आलेलं बैलाचं शिंग त्याला अजून दिसायचं.

पाचाडचे व्याही हळूच म्हणाले, "बोलायचं कायतरी राहिलंय, मुरारीबुवा. देवापुढं अर्धं बोलू नये." त्यांच्या आवाजात संशय नव्हता, काळजीच होती, आणि म्हणूनच मुरारीला जास्त भीती वाटली.

त्याने गंगाधरकडे बघितलं. गंगाधरने मान हलवली, नाही म्हणून. बांधावर बायका एकमेकींच्या जवळ सरकल्या होत्या. मागे ऐनापाशी मंगेश उभा होता आणि खोकला दाबता दाबता त्याचा चेहरा काळानिळा पडत होता. मुरारीला माणसांची भीती होती, पण ती आता मागे पडली. त्याने पुन्हा हात जोडले. बोलताना त्याचा आवाज फाटला.

"बा राखणदारा, मी लपवलं. माझ्या मंगेशाला क्षय झालाय. त्याचं औषध मधीच थांबलं, आणि आता तो पुन्हा रक्त थुंकतोय. धाकट्याची लेक त्याच्याजवळ व्हती, तिलाबी आम्ही चोरून तेच औषध दिलं. लोकांच्या भयानं बोललो नाय. पोर वाचव. दोन्ही पोरं वाचव."

कुणीच होय म्हणालं नाही. मग मागून मंगेशचा खोकला फुटला आणि तो थांबेचना. बांधावरून पहिला आवाज आला तो अनुपमाचा. होय, ती म्हणाली. बायकांनी गाऱ्हाण्यात बोलायची रीत नव्हती. तिच्यामागून रंगूबाई होय म्हणाली, मग गंगाधर, मग भावकी. व्याही सगळ्यांत शेवटी, पण म्हणाले.

मुरारीने तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन कोंबड्यावर शिंपडलं. कोंबड्याने डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. अंग झाडलं म्हणजेही मानून घेतली, भावकीतला म्हातारा म्हणाला, आणि मुरारी तिथेच मातीत बसला.

*

पाचाडचे व्याही जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले, पाणीसुद्धा न घेता उठले. मुरारीने त्यांना मोटारसायकलपर्यंत सोडलं, तेव्हा ते म्हणाले की तुम्ही बोललात ते चांगलंच केलंत, पण मी एकटा काय सांगू, घरी विचारून कळवतो. तारखेचा विषय निघाला नाही. गाडी उताराला लागेपर्यंत मुरारी हात जोडूनच उभा राहिला.

घरात पानं वाढली गेली. कुणी कुणाला आग्रह केला नाही. गंगाधरनेच शेवटी ठरवलं, आणि थोरल्याला न विचारता ठरवलं, की उद्या पहिल्या एसटीने तो मंगेशला घेऊन महाडच्या सरकारी दवाखान्यात जाईल, मंगेश त्याच्याच घरी मागच्या खोलीत राहील, आणि औषध संपेपर्यंत राहील. अनुपमा म्हणाली की मागच्या खोलीत नको, पुढच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. मंगेश मान खाली घालून भात चिवडत होता. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही, पण त्याने पुरचुंडीतल्या उरलेल्या गोळ्या आईकडून मागून घेतल्या आणि डॉक्टरला दाखवायला खिशात ठेवल्या.

रंगूबाईने श्रुतिकापुढे काढ्याचा पेला ठेवला. आधी त्यातला घोट आपल्या वाटीत घेऊन तिच्यादेखत प्यायली. नुसता अडुळसा हाय गो, ती म्हणाली. श्रुतिकाने पेला तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. छातीत ते आहे की नाही हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. मागच्या महिन्यापर्यंत तिला व्हिसा मिळेल की नाही एवढीच भीती होती. आता खोल श्वास घेतला तरी ती थांबून ऐकायची, आत काही घरघरतंय का.

मागच्या पडवीत सेजल भांडी घासत होती. श्रुतिका तिच्याशेजारी बसून राख लावायला लागली. दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या, एकाच पाळण्यात निजलेल्या; आज मात्र श्रुतिकाला तिच्याकडे बघवत नव्हतं. पाचाडहून निरोप काय येणार ते उघड होतं. ती म्हणाली की सेजल, देवाने बरोबर आजच कोंबड्याला अडवलं, तुझ्या सासऱ्यांच्या समोर.

सेजलने टोप पालथा घातला.

"देव कशाला अडवील? सकाळधरनं मी त्याला तांदूळ घातले. गळ्यापातूर भरलेला व्हता तो. अजून एक दाणा गेला नसता."

श्रुतिकाचे हात राखेतच राहिले. मग तिने विचारलं की हे तू का केलंस, लग्न तुझं होतं, तुलाच गप्प बसायचं सगळ्यांत जास्त कारण होतं.

"दादा मरंल म्हणून केला," सेजल म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण हात चालू होते. "आबांच्या पुढ्यात बोलायची माझी हिंमत नाय. मला वाटलेलं, तू बोलशील. तू शिकलेली, तुला सगळं ठावं. तू ठीक आहे म्हणालीस."

श्रुतिका रडायला लागली, आणि रडता रडता खोकला आला, तो तिने या वेळी दाबला नाही. सेजल तिच्या पाठीवरून राखेचाच हात फिरवत राहिली, खोकला थांबेपर्यंत. मग तिने घासलेली भांडी टोपलीत रचली आणि उठताना म्हणाली,

"उद्या मुंबईला कोंबडा नसंल गो तुझ्यासोबत. तिथं इचारतील तेव्हा तुझं तुलाच बोलायला लागंल."